स्मृति गेली कीं वाट बुजली?



आजच्या भाषणाचा विषय दिसण्यांत लहान आहे. इतका लहान कीं तो सदऱ्याच्या खिशांत मावतो. संगणकाला जोडावयाची बोटभर लांबीची जी वस्तु आपण घरोघरीं ‘पेनड्राइव्ह’ या नांवानें ओळखतों, तिच्यासंबंधीं मी बोलणार आहें. मुलांचीं छायाचित्रें, विद्यार्थ्याचा प्रबंध, जमिनीच्या कागदांच्या प्रती, एखाद्या आजीच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, असें कितीतरी धन आपण तिच्यांत सांठवितों. आणि एके दिवशीं ती संगणकाला लावली असतां तिचा दिवा लागत नाहीं, किंवा ‘फॉरमॅट करावयाचें काय?’ असा प्रश्न पडद्यावर उमटतो. घरांतील मंडळी म्हणतात, ‘गेलें सगळें!’

या ‘गेलें’ शब्दाची चौकशी करावी, एवढाच आजचा उद्देश आहे. गेलें तें नेमकें काय गेलें? आंतील मजकूर गेला, कीं मजकुरापर्यंत जाण्याची वाट बुजली? या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत, आणि त्यांतील भेद न ओळखतां केलेली घाई हीच पुष्कळदां खऱ्या नाशाला कारण होते. हा भेद ओळखावयाचा तर ही वस्तु कोणीं, केव्हां व कोणत्या अडचणींतून घडविली हें पाहिलें पाहिजे; कारण तिच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ तिच्या इतिहासांत आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे इन्व्हरकार्गिल शहराजवळ ओरेटी नांवाची चौपाटी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें तेथें लेपर्ड सील जातीच्या एका प्राण्याची विष्ठा अभ्यासासाठीं गोळा करण्यांत आली, आणि ‘निवा’ या नांवानें त्या वेळीं ओळखल्या जाणाऱ्या तेथील जल व वातावरण संशोधन संस्थेकडे पाठविण्यांत आली. एक वर्षाहून अधिक काळ ती शीतपेटींत गोठून पडली होती. २०१९ च्या आरंभीं ती वितळवून धूत असतां, हाडें व पिसें वेगळीं काढणाऱ्यांच्या हातीं एक पेनड्राइव्ह लागला. त्यांनीं तो लागलीच संगणकाला जोडला नाहीं. कांहीं आठवडे तो वाळूं दिला, आणि मगच जोडून पाहिला. आंत समुद्रसिंहांचीं छायाचित्रें होतीं, आणि उथळ पाण्यांतील एका मादीचें व तिच्या पिलाचें चलच्चित्र होतें. समुद्राचें खारें पाणी, प्राण्याचें पोट आणि शीतपेटी, इतक्या ठिकाणांहून तो मजकूर सुखरूप परत आला. फेब्रुवारी २०१९ मध्यें संस्थेनें ही हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढें मालकाचा पत्ताही लागला.

ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. पण तींतील मर्म गंभीर आहे. जी वस्तु प्राण्याच्या पोटांतून वांचते, तीच वस्तु आपल्या मेजावर चार बटणें अविचारानें दाबल्यानें कायमची रिकामी होऊं शकते. असें कां व्हावें?

याचें उत्तर शोधण्यासाठीं १९६७ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांमध्यें डावॉन कांग व सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनीं एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टर हा विजेच्या प्रवाहाचा दरवाजा होय. त्या दरवाजाची उघडझाप करणारा जो भाग, त्याच्या खालीं आणखी एक तुकडा ठेवावा, आणि तो चोहों बाजूंनीं विद्युद्रोधक थरानें असा वेढावा कीं त्याची कोणत्याही तारेशीं जोडणी राहूं नये, अशी ती कल्पना. हा तुकडा अधांतरीं असतो, म्हणून त्याला ‘तरंगतें द्वार’ म्हणतात. त्यावर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले म्हणजे वीज बंद केली तरी ते तेथेंच राहतात. इलेक्ट्रॉन आहेत कीं नाहींत, या दोन स्थितींतून शून्य आणि एक हीं दोन अक्षरें सिद्ध होतात. आणि संगणकाचें सारें वाङ्मय या दोनच अक्षरांत लिहिलेलें असतें.

ही कल्पना व्यवहारांत उतरली ती मात्र एका बिघाडाच्या चौकशींतून, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें हा योग फार बोधप्रद आहे. इंटेल ही कंपनी १९६८ मध्यें निघाली. तिच्या एका नव्या स्मृति-चिपेंत दोष दिसूं लागला, तेव्हां त्याचें कारण शोधण्याचें काम डोव्ह फ्रोमन या तरुण अभियंत्याकडे आलें. कांहीं ट्रान्झिस्टरांचीं द्वारें जोडणी तुटल्यामुळें अधांतरीं राहत आहेत आणि त्यांवर विद्युद्भार सांचत आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या एखाद्यानें दोष दूर करून काम संपविलें असतें. जो भार नको असतां टिकून राहतो तो हवा असतां टिकवून ठेवतां येईल, हा विचार फ्रोमन यांनीं केला. १९७१ मध्यें इंटेलनें त्यांची २,०४८ बिटांची चिप बाजारांत आणली. वीज गेली तरी तिच्यांतील मजकूर जात नसे. आणि तो पुसावयाचा झाल्यास चिपेवरील क्वार्ट्झच्या खिडकींतून तिच्यावर अतिनील किरण सोडावे लागत. म्हणजे ज्या स्मृतीच्या बिघाडाचें निदान कसें करावें असें आज आपण विचारतों, ती स्मृति स्वतःच एका बिघाडाच्या निदानांतून जन्मास आली.

पुढचा टप्पा जपानांतील. तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांना प्रकाशकिरणांचा हा खटाटोप टाळावयाचा होता, आणि चिपेची किंमतही उतरवावयाची होती. प्रत्येक कोठडी वेगवेगळी पुसण्याची सोय ठेवल्यास जागा फार लागते; म्हणून पुष्कळ कोठड्या एकदम, विजेच्या एका धक्क्यासरशीं पुसाव्या, अशी युक्ति त्यांनीं काढली. कॅमेऱ्याच्या झगमगाटाप्रमाणें सारें क्षणांत पुसलें जातें, म्हणून शोजी अरीइझुमी या सहकाऱ्यानें तिला ‘फ्लॅश’ हें नांव सुचविलें. १९८४ मध्यें मासुओका यांनीं ही स्मृति विद्वानांच्या सभेपुढें मांडली, आणि १९८७ मध्यें तिचा ‘नॅन्ड’ हा अधिक दाट वसतीचा प्रकार पुढें आणला. आपल्या पेनड्राइव्हांत वास करते ती हीच नॅन्ड स्मृति. या शोधाच्या मोबदल्यावरून मासुओका यांनीं पुढें तोशिबावर दावा लावला. १०० कोटी येनची मागणी होती, आणि २००६ मध्यें ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगाच्या स्मृतीचें ओझें वाहणाऱ्या शोधाच्या जनकाला आपल्याच हक्काची आठवण न्यायालयांत करून द्यावी लागली.

परंतु स्वस्ताईसाठीं केलेल्या सौद्याची किंमत कोठेंतरी द्यावीच लागते. नॅन्डच्या सौद्यांत तीन अटी लपलेल्या आहेत, आणि बिघाडाचा सारा व्यवहार त्यांच्याभोवतीं फिरतो. पहिली अट अशी कीं लिहावयाचें तें पानावर, पण पुसावयाचा तो पानांचा संपूर्ण गठ्ठा. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. असें समजा कीं कागद एकेक लिहितां येतो. परंतु त्यावरील अक्षर पुसावयाचें झाल्यास सारा रुमाल धुऊन काढावा लागतो. दुसरी अट झिजेची. इलेक्ट्रॉन तरंगत्या द्वारावर जातात ते विद्युद्रोधक पडदा भेदून. हा चमत्कार कसा घडतो त्याचें गणित फाउलर व नॉर्डहाइम यांनीं १९२८ मध्येंच मांडलें होतें. पण प्रत्येक ये-जा त्या पडद्याला किंचित् दुखवून जाते. एका कोठडींत एकच बिट ठेवणाऱ्या चिपेचा रुमाल लाखभर वेळां धुणें सोसतो; तीन तीन बिट कोंबणाऱ्या चिपेंत ही मर्यादा हजार-दोन-हजारांच्या घरांत येते. तिसरी अट अशी कीं असा थर कितीही चांगला असला तरी भार अत्यंत सावकाश झिरपतच असतो.

या अटी सांभाळण्यासाठीं पेनड्राइव्हांत स्मृतीच्या चिपेशेजारीं आणखी एक चिप बसविलेली असते, तिला नियंत्रक म्हणतात. हा त्या दफ्तरखान्याचा दफ्तरदार समजावा. एकाच रुमालावर सारी झीज पडूं नये म्हणून तो कागद सतत हलवीत असतो, नासका रुमाल बाजूला ठेवून राखीव रुमाल काढतो, आणि कोणता कागद हल्लीं कोठें आहे याची यादी राखतो. संगणक विचारतो, ‘शंभरावें पान द्या’. दफ्तरदार यादी पाहून तें भलत्याच कोपऱ्यांतून आणून देतो, आणि संगणकाला याचा पत्ताही लागत नाहीं. या भाषांतराच्या पद्धतीचें एक मूळ पेटंट इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीचे आमीर बान यांना १९९५ मध्यें मिळालें. आतां ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं ही यादी व दफ्तरदाराच्या कामकाजाचे बहुतेक नियम त्याच दफ्तरखान्यांत, त्याच रुमालांत ठेवलेले असतात. ते वाचतां आले नाहींत तर हजारों कागद जागच्या जागीं असूनही दफ्तरदाराला एकही कागद सांपडत नाहीं.

आतां राहिला दरवाजा. यूएसबी जोडणीची पहिली नियमावली जानेवारी १९९६ मध्यें सात कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केली. तिच्या घडणींत ज्यांचा पुढाकार होता ते इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. परिचित जोडणींत चार पट्ट्या असतात: कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन निरोपाच्या. कडेच्या पट्ट्या किंचित् लांब ठेवलेल्या आहेत, म्हणजे वीज आधीं पोंचावी आणि संभाषण मागाहून सुरू व्हावें. या दरवाजाला फ्लॅश स्मृति जोडण्याच्या कल्पनेचें पेटंट एम-सिस्टिम्सनें एप्रिल १९९९ मध्यें मागितलें. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनें २००० सालीं आपला ‘थंबड्राइव्ह’ पुढें आणला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएम एम-सिस्टिम्सची ८ मेगाबाइटांची कांडी विकूं लागली. पहिला मान कोणाचा, यावर वाद झाले. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपीशीं तुलना करतां ८ मेगाबाइट ही मोठीच मजल होती.

याप्रमाणें दरवाजा, दफ्तरदार आणि रुमाल अशी रचना सिद्ध झाली. तिच्यावर संगणकानें आणखी एक वस्तु ठेवली, ती म्हणजे अनुक्रमणिका. कोणत्या नांवाची फाइल कोणत्या पानापासून सुरू होते, हें सांगणारी ‘फॅट’ नांवाची पद्धति मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनीं १९७७ मध्यें रचली, आणि तिचे वारस आजही पेनड्राइव्हांवर नांदत आहेत. तेव्हां बिघाड चार ठिकाणीं होऊं शकतो, आणि निदान म्हणजे चार प्रश्न क्रमानें विचारणें होय. क्रम महत्त्वाचा; कारण दरवाजा मोडला असतां अनुक्रमणिका दुरुस्त करूं पाहणें व्यर्थ आहे, आणि अनुक्रमणिका फाटली असतां दरवाजा उखडणें घातक आहे.

पहिला प्रश्न: संगणकाला पाहुणा आल्याचें कळतें काय? दिवा नाहीं, आवाज नाहीं, यादींत कोणतीही नवी वस्तु दिसत नाहीं, तर संशय दरवाजावर घ्यावा. दुसऱ्या खांचेत, दुसऱ्या संगणकावर एकदां लावून पहावें. वीस वेळां लावून पाहूं नये. तोंड वांकलें असेल, डाखाचे सांधे तडकले असतील, किंवा ५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करून देणारा छोटा भाग निकामी झाला असेल. कांडी हलवितांच ती कधीं दिसते व कधीं नाहीं, हें तुटक्या सांध्याचें लक्षण आहे. आणि प्रत्येक हलविण्याबरोबर तो सांधा अधिक तुटत असतो. कांडी तापूं लागली तर तत्क्षणीं काढावी. ती पाण्यांत पडली असेल तर न्यूझीलंडच्या संशोधकांची वाट धरावी, म्हणजे वाळेपर्यंत वीज द्यावयाची नाहीं. ओलाव्यानें इतका घात होत नाहीं, जितका ओलाव्यांतून वाहणाऱ्या विजेनें होतो. दरवाजाच्या बिघाडांत मजकुराला बहुधा धक्काही लागलेला नसतो. कुशल हातानें चार बारीक तारा डाखल्या कीं एकदां वाचण्यापुरती वाट मोकळी होते, आणि एकदांच वाचावयाचें असतें.

दुसरा प्रश्न: पाहुणा आपलें नांव काय सांगतो? जोडणी होतांच कांडीला आपल्या उत्पादकाचा व प्रकाराचा क्रमांक सांगावा लागतो, आणि आपण किती सामान वाहतों हेंही सांगावें लागतें. ओळखीच्या नांवाऐवजीं भलतेंच नांव दिसलें, सामान शून्य असल्याचें कळलें, किंवा ‘डिस्क घाला’ असा विचित्र निरोप आला, तर दरवाजा ठीक असून दफ्तरदार भ्रमिष्ट झाला आहे, असें समजावें. जागा होतांच त्यानें आपले नियम व यादी रुमालांतून वाचावयाची असते. ती वाचतां आली नाहीं म्हणून तो जन्माच्या वेळच्या कोऱ्या अवस्थेंत उभा राहतो, आणि विक्रेत्याचें नांव सोडून आपल्या घडविणाऱ्याचें नांव सांगूं लागतो. येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. मेलेली कांडी जिवंत करणारे म्हणून जे प्रोग्राम हस्तेंपरहस्तें फिरतात, ते बहुधा कारखान्यांतील प्रथम संस्काराचे असतात. ते दफ्तरदाराला शुद्धीवर आणतात खरे, पण त्यासाठीं जुनी यादी टाकून सारे रुमाल धुऊन काढतात. कांडी वांचते आणि दफ्तर जातें. ज्याला कांडीच हवी असेल त्यानें खुशाल तसें करावें; ज्याला मजकूर हवा त्यानें येथें हात आंवरावा व तज्ज्ञाकडे जावें.

तज्ज्ञ काय करतो? तो दफ्तरदाराला बाजूला सारतो. गरम हवेनें स्मृतीची चिप सुटी करून तो ती वेगळ्या वाचकयंत्रांत बसवितो आणि प्रत्येक पान जसेंच्या तसें उतरवून घेतो. हातीं येतें तें मात्र विस्कटलेलें दफ्तर. पानें क्रमानें नसतात. चिपेवर सारखा भार पडावा म्हणून नियंत्रकानें अक्षरें गणिती पद्धतीनें कालवून ठेवलेलीं असतात, आणि कांहीं अक्षरें बिघडलेलींही असतात. बिघडलेलीं अक्षरें दुरुस्त होतात तीं प्रत्येक पानाच्या कडेला लिहून ठेवलेल्या तपासणीच्या बिटांमुळें. अशा तपासणीची एक प्रमुख पद्धति फ्रान्सच्या होकेंगेम यांनीं १९५९ मध्यें, आणि राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनीं १९६० मध्यें स्वतंत्रपणें शोधली. हे बोस कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत अनेक वर्षें काम केलेले गणिती. पुढें मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झालेले शरच्चंद्र श्रीखंडे यांच्या व पार्कर यांच्या साह्यानें त्यांनीं ऑयलरचें एक जुनें अनुमान १९५९ मध्यें खोटें ठरविलें होतें. शुद्ध गणिताच्या हौसेनें केलेलें असें चिंतन पुढें घरोघरच्या छायाचित्रांचें राखणदार होईल, असें त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें असेल?

तिसरा प्रश्न: नांव बरोबर, माप बरोबर, आणि तरीही ‘फॉरमॅट करावयाचें काय?’ असें विचारलें जातें काय? तसें असेल तर दरवाजा व दफ्तरदार दोघेही बहुधा निरोगी असून अनुक्रमणिका फाटली आहे. लिहिणें चालूं असतां कांडी उपटली म्हणजे पुष्कळदां असें होतें. या प्रश्नाला ‘नाहीं’ हेंच उत्तर द्यावें. फाइल पुसली तरी फॅटच्या अनुक्रमणिकेंत त्या नांवाच्या पहिल्या अक्षरावर खूण केली जाते आणि तिच्या जागा मोकळ्या म्हणून नोंदल्या जातात. मजकूर त्यावर नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तसाच राहतो. झटपट फॉरमॅट केल्यासही मुख्यतः अनुक्रमणिकाच नवी होते. परंतु विंडोज व्हिस्टापासून पुढें विंडोजचें पूर्ण फॉरमॅट साऱ्या जागेवर शून्यें लिहीत जातें, आणि त्यानंतर शोधावयास कांहीं उरत नाहीं. ‘दुरुस्ती करूं काय?’ असें विचारणारी आज्ञाही त्याच कांडीवर लिहिते, हें विसरूं नये.

चौथा प्रश्न: वाचन सुरू होऊन मध्येंच अडखळतें काय? कांहीं फाइली उघडतात, कांहीं उघडत नाहींत. कांहीं जागीं यंत्र मिनिटेंच्या मिनिटें थबकतें. हें रुमालांतील शाई फिकी पडल्याचें लक्षण आहे. कांहीं कांड्या राखीव रुमाल संपल्यावर लिहूं देण्याचें थांबवितात आणि फक्त वाचूं देतात. त्या वेळीं कांडीवर रागावूं नये. तिनें मरणापूर्वीं केलेली ती भलाई आहे. तिचा लाभ घेऊन त्याच दिवशीं सर्व उतरवून घ्यावें. याच्या जोडीला एक ठकबाजीचाही प्रकार आहे. लहान चिप घालून नियंत्रकाला मोठें माप सांगावयास शिकविलेल्या खोट्या कांड्या बाजारांत मिळतात. त्यांत फाइलींचीं नांवें दिसतात, पण मापाबाहेरील मजकूर मुळीं कोठें लिहिलाच गेलेला नसतो. तेथें वाट शोधून उपयोग नाहीं, कारण वाटेच्या शेवटीं घरच नाहीं.

तिसऱ्या व चौथ्या प्रश्नाच्या रोग्यांना एकच पथ्य आहे: मूळ कांडीवर कोणताही प्रयोग करूं नये. प्रथम तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या चांगल्या जागीं उतरवावी, आणि मग जें करावयाचें तें त्या नकलेवर करावें. नक्कल कशी? आपल्याकडे ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणून ज्या नकलनविसाची थट्टा होते, त्याच्याच सारखी. मूळ पानावर माशी चिरडलेली असेल तर नकलेंतही माशी आली पाहिजे. या कामीं अर्थ लावणारा, चुका सुधारणारा हुशार नकलनवीस नको. मूर्ख पण प्रामाणिक हवा. अन्तोनिओ दियास यांचा ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम याच वृत्तीचा आहे. तो सोपे भाग आधीं उचलतो, अडखळणारे भाग शेवटासाठीं राखून ठेवतो, आणि काय मिळालें व काय राहिलें याची नोंद ठेवतो, म्हणजे काम थांबलें तरी पुन्हां पहिल्यापासून कांडीला छळावें लागत नाहीं. नक्कल हातीं आली म्हणजे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांच्या ‘फोटोरेक’ सारखा प्रोग्राम अनुक्रमणिका नसतांही फाइली ओळखून काढतो. कारण छायाचित्राच्या जेपेग फाइलीचें पहिलें व शेवटचें चिन्ह ठरलेलें असतें. नांवें परत येत नाहींत, तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेल्या फाइली अर्धवट राहतात. पण चेहरे परत येतात.

सारेंच परत येतें असें मात्र मी म्हणत नाहीं. ज्यावर नवें लिहिलें गेलें तें गेलें. धुतलेल्या रुमालांतील अक्षर परत येत नाहीं. ज्या कांडींत मजकूर गुप्तलिपींत ठेवलेला असून तिची किल्ली नियंत्रकापाशीं आहे, तेथें नियंत्रक मेला कीं चिप सुटी करूनही व्यर्थ. आणि ज्या बारीक कांड्यांत स्मृति व नियंत्रक एकाच राळेच्या ठोकळ्यांत ओतलेले असतात, त्यांत काम फार खर्चाचें व नाजूक होतें. म्हणून तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वीं आपणांस काय हवें आहे, तें अन्यत्र कोठें आहे काय, आणि त्याचें मोल किती, हें घरांत बसून ठरवावें. पुष्कळदां तींच छायाचित्रें एखाद्या जुन्या दूरध्वनींत किंवा पाठविलेल्या पत्रांत सांपडतात, आणि तें उत्खनन सर्वांत स्वस्त असतें.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. वर सांगितलेली तिसरी अट, म्हणजे भाराचें झिरपणें, ही कोणाच्याही चुकीशिवाय चालूं असते, आणि उष्णतेनें तिला वेग येतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठीं जेडेक या संस्थेनें जी कसोटी घातली, ती अशी कीं झिजेच्या मर्यादेपर्यंत वापरलेल्या साधनानें ३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेंत विजेविना एक वर्ष मजकूर राखावा. कसोटी एका वर्षाची आहे, पिढीची नव्हे. आणि पेनड्राइव्हाला तीही लागू नाहीं. नवी व थोडी वापरलेली कांडी पुष्कळ अधिक काळ टिकते, हें खरें. परंतु उन्हाळ्यांत तापणाऱ्या लोखंडी कपाटांत ती वर्षानुवर्षें ठेवून मुलांसाठीं ठेव म्हणून तिच्याकडे पाहणें हें तिच्या स्वभावाविरुद्ध आहे. ती वाटसरू म्हणून जन्मली; एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे निरोप नेणें हा तिचा धर्म. ठेव ठेवावयाची असेल तर निदान दोन निराळ्या साधनांवर व दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि वर्षांतून एकदां उघडून पहावी. दसऱ्याला शस्त्रें व पोथ्या बाहेर काढून पुसण्याची चाल आपल्याकडे आहेच. त्या दिवशीं या कांड्याही बाहेर याव्या.

आणि तरीही एखादी कांडी मुकी झालीच, तर ‘गेलें सगळें’ असें म्हणण्यापूर्वीं तिला हे चार प्रश्न क्रमानें विचारावे. फ्रोमन यांनीं बिघडलेली चिप टाकून न देतां ‘हें असें कां होतें?’ असें विचारलें, आणि त्या विचारण्यांतून ही सारी विद्या निघाली. त्या विद्येच्या लाभार्थ्यांनीं निदान तेवढा धीर धरावयास हरकत नसावी. उत्तर मिळेपर्यंत कांडीवर एक अक्षरही लिहूं नये, एवढी माझी विनंति आहे.